दोन मीटर अंतर ठेवा

माणूस दिसला की प्राण्याने पळावं, निदान दचकावं तरी, एवढा मान आपण गृहीतच धरलेला असतो. गल्लीतलं मांजरसुद्धा तो देतं. गॅलापागोसला हा मान मिळत नाही. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर आत, भर पॅसिफिकमध्ये असलेल्या या बेटांवर माणूस पोचला फार उशिरा, आणि तोवर पळायला लावणारं कुठलंच मोठं जनावर तिथल्या जमिनीवर नव्हतं. त्यामुळे भीती नावाचा प्रकार तिथे रुजलाच नाही. जाहिरातींत याला ‘प्राण्यांची मैत्री’ म्हणतात. मला तरी ती मैत्री वाटली नाही. त्यांच्या लेखी आम्ही नव्हतोच.

आम्ही म्हणजे मी आणि अप्पाकाका. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाने वडिलांना बोटीची सफर घडवायचं ठरवलं, ऐनवेळी त्याला रजा मिळाली नाही, आणि सोबतीला रिकामटेकडा माणूस म्हणून माझी वर्णी लागली.

बेटांवर फळं, बिया, माती यांतलं काही नेता येत नाही. बाहेरची एक बी तिथे रुजली तर स्थानिक झाडांचं मरण, म्हणून सामान उघडून तपासतात. काकांच्या पिशवीत बडीशेपेची डबी निघाली. “भाजलेली आहे, उगवणार नाही,” हे काकांनी शुद्ध मराठीत तीनदा सांगितलं. डबी तिथेच राहिली. वर राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क. बहुतेक परदेशी पाहुण्यांना ते 2024पासून माणशी 200 डॉलर आहे. काकांनी मनातल्या मनात रुपये केले आणि पुढे बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत.

त्यांचं मौन सुटलं पुएर्तो आयोराच्या धक्क्यावर. बसायला एक बाक होता आणि त्यावर एक सी लायन आडवा पसरून घोरत होता. “अरे, हे काय झोपायचं ठिकाण आहे?” काकांनी टाळी वाजवली. आयुष्यभर या टाळीने स्टँडवरचे लोक उठवले होते. सी लायनने एक डोळा उघडला, आमच्या दिशेने सणसणीत शिंक दिली आणि कूस बदलली. शिंकेला शिळ्या मासळीचा वास होता. काका उभेच राहिले. शेजारच्या मासळीबाजारात कोळीण मासे कापत होती आणि तिच्या कोपराशी पेलिकन आणि आणखी एक सी लायन गिऱ्हाइकांच्या पुढे नंबर लावून उभे होते.

बोटीवर गाइडने पहिला नियम सांगितला: कुठल्याही प्राण्यापासून दोन मीटर अंतर ठेवायचं. नियम उत्तम आहे, पण तो फक्त माणसांनाच सांगितलेला आहे. एस्पानोला बेटावर पायवाटेच्या मधोमध निळ्या पायांच्या बूबीचं घरटं होतं. घरटं म्हणजे काय, तर जमिनीवर विष्ठेचं पांढरं रिंगण, बस. जवळच एक नर मादीपुढे एकेक पाय उचलून दाखवत होता. ताजी मासळी पोटात गेली की त्यातल्या रंगद्रव्याने हे पाय जास्त झळझळीत होतात, आणि मादी ते निरखून बघते. “पत्रिकेपेक्षा भरवशाची पद्धत आहे,” काका म्हणाले. नाच आटपेना, वाट सोडून बाजूने जायला परवानगी नाही, म्हणून आमचे सोळाच्या सोळा प्रवासी उन्हात खोळंबले.

पुढे सागरी इग्वानांचा ढीग. समुद्रात चरणारी ही जगातली एकमेव सरड्याची जात. पोटात गेलेलं जादा मीठ ती नाकातून फवारून टाकते, त्यातलं तिच्याच डोक्यावर पडून पांढरं पुट चढतं, उरलेलं आमच्या बुटांवर. डार्विन 1835 साली इथे आला तेव्हा त्याने एक इग्वाना पुन्हा पुन्हा पाण्यात फेकून पाहिला, आणि दर वेळी तो परत त्याच्याच पायाशी आला. महाकाय कासवांच्या पाठीवरही तो बसला. आज असं केलं तर उत्क्रांतीचा सिद्धान्त सुचण्याआधीच उद्यानवाले त्याला घरी पाठवतील.

आता स्नॉर्केलिंग. विषुववृत्तावर पाणी कोमट असेल या समजुतीत कुणी राहू नये. हम्बोल्ट आणि क्रॉमवेल या थंड प्रवाहांच्या कृपेने जुलैत अंगात हुडहुडी भरते. तसं नसतं तर इथे पेंग्विन राहिलेच नसते. म्हणून वेटसूट. ओल्या उशीला एक नंबर लहान अभ्रा चढवून पाहा, म्हणजे कल्पना येईल. काकांना त्यात बसवायला मी आणि एक खलाशी लागलो.

काका विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले. तोंडात नळी धरणं त्यांना मंजूर नव्हतं. डोकं वर ठेवून ते ऐटीत पोहत होते. गाइडने अखेर मास्क चढवला आणि डोकं हलकेच खाली दाबलं. बराच वेळ फक्त नळीचं टोक दिसत होतं. मग काका वर आले. “खाली वाहतूक जोरात आहे रे,” ते म्हणाले, “पण एकही हॉर्न नाही.”

खरंच होतं. एक कासव खडकावरचं शेवाळ ओरबाडत होतं, लाटेबरोबर मागे जात होतं, पुढे येऊन पुन्हा तोच घास धरत होतं. कपारीत एक व्हाइट-टिप शार्क पडून होता. हे रात्रपाळीवाले, दिवसा उठत नाहीत. तेवढ्यात सी लायनचं एक पिल्लू सरळ माझ्या तोंडावर चालून आलं. वीतभर अंतरावर मिशा, काळेभोर मोठे डोळे, आणि टक्कर होणार असं वाटताच गिरकी. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले, अंतराचा नियम माझ्याकडून तरी मोडू नये म्हणून. त्याने माझ्या तोंडावर बुडबुडे सोडले, फिन दाताने ओढून पाहिली, मग काकांकडे वळलं. काका गोल फिरले, तेही फिरलं. काका उलटे फिरले, तेही उलटं. सत्तरी ओलांडलेला, शिस्तीचा माणूस पाण्यात भिंगऱ्या घेतोय, हे दृश्य त्यांच्या डेपोतल्या कुणालाही पटणार नाही. मग पिल्लाला शेवाळाचा एक तुकडा सापडला आणि आमच्यातला त्याचा रस संपला.

किनाऱ्यावर त्या कळपाचा दांडगा नर भुंकत येरझाऱ्या घालत होता. त्याच्यापासून लांबच राहा, असं गाइडने बजावलं. “ड्यूटीवर आहे तो,” काका आदराने म्हणाले.

रात्रीच्या प्रवासात बोट किती हलली, ते सांगत नाही.

शेवटचा मुक्काम फ्लोरियाना. अठराव्या शतकाच्या अखेरीस देवमाशांच्या शिकाऱ्यांनी तिथल्या किनाऱ्यावर टपालासाठी एक पिंप ठेवलं. ती प्रथा आजही चालू आहे. तिकीट लावायचं नाही. आपलं कार्ड टाकायचं, जुनी चाळायची आणि आपल्या भागातलं एखादं उचलून स्वतः नेऊन द्यायचं. काकांनी पिंपाचा ताबा घेतला आणि गठ्ठे विभागवार लावले. बेंगळुरूचं एक निघालं, ते “आपल्या विभागात येत नाही” म्हणून परत गेलं. महाराष्ट्राचं एकही नव्हतं. तेव्हा काकांनी स्वतःच्याच नावाने, चिपळूणच्या पत्त्यावर एक कार्ड लिहून टाकलं.

ते अजून आलेलं नाही. वाचकांपैकी कुणी तिकडे जाणार असेल तर पिंप बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आहे आणि कार्डावर निळ्या पायांचा बूबी आहे. घेऊन या. काका जेवू घालतील. मात्र येण्याची वेळ आधी कळवा आणि ती पाळा.