तयार प्रकल्प विकणाऱ्या दुकानदारास



तुमच्या दुकानाचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही. तुम्ही एकटे नाही, आणि एकाचं नाव छापलं की बाकीचे निर्धास्त होतात. इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकासमोर, झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंगच्या दुकानावरच्या मजल्यावर तुमचा गाळा असतो. काचेवर लिहिलेलं असतं, 'फायनल इयर प्रोजेक्ट्स. सोर्स कोड, रिपोर्ट, पीपीटी, व्हायव्हाची तयारी.' मुलांनी वर्षभर खपून जे करायचं, ते तुम्ही पेन ड्राइव्हवर घालून संध्याकाळी त्यांच्या हातात ठेवता. हे कॉलेजांना ठाऊक आहे, परीक्षकांना ठाऊक आहे. मी लिहिते आहे ते वेगळ्या कारणासाठी. तुम्ही आता प्रकल्पाबरोबर संस्थाही विकायला लागला आहात, आणि त्यांत आमचीही विकलीत.

मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. परीक्षेच्या दिवसांत चार मुलं वाचनालयात आली. हातात काळ्या कव्हरचा, सोनेरी अक्षरांचा जाडजूड अहवाल. कव्हरवर आमच्या वाचनालयाचं नाव. आत आमच्या ग्रंथपाल बाईंची मुलाखत छापलेली: सध्याच्या पद्धतीत अडचणी काय आहेत, नव्या प्रणालीकडून अपेक्षा काय आहेत. बाईंनी त्या मुलांना आधी कधी पाहिलंही नव्हतं. शेवटी एक पत्र होतं. 'सदर प्रणाली आमच्या संस्थेत यशस्वीपणे वापरात आहे,' आणि खाली सहीशिक्क्यापुरती मोकळी जागा. मुलं तेवढ्यासाठीच आली होती. "मॅडम, फक्त शिक्का हवाय, उद्या एक्स्टर्नल आहे."

बाई म्हणाल्या, "आधी चालवून दाखवा." लॅपटॉप उघडला. लॉगिनला नाव 'ॲडमिन', पासवर्ड 'ॲडमिन१२३'. बाईंनी पुस्तकाच्या नावाच्या चौकटीत 'ययाति' टाइप केलं, जतन केलं आणि यादी उघडली. यादीत प्रश्नचिन्हांची एक ओळ होती. दुसरं पुस्तक घातलं, प्रश्नचिन्हांची दुसरी ओळ.

का झालं ते तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, कारण ते कळायलाच हवं होतं. मायएसक्यूएल या डेटाबेसची आपोआप निवडली जाणारी लिपीसंहिता २०१८ साली आठवी आवृत्ती येईपर्यंत 'लॅटिन१' होती. तिच्यात देवनागरीला जागाच नाही. बदलायला सांगितलं नाही, तर मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठवलं जातं आणि मूळ अक्षर कायमचं जातं, ते मागाहून दुरुस्तही करता येत नाही. म्हणजे तुम्ही विकलेल्या वस्तूत मराठीतलं एकही पुस्तक कधी कुणी घालून पाहिलं नव्हतं, आणि ती वस्तू मराठी वाचनालयात 'यशस्वीपणे वापरात' होती. मी अहवाल चाळला तेव्हा एका आकृतीत 'डॉक्टर लॉगिन' अशी चौकट सापडली. हाच कोड आधी एखाद्या रुग्णालयाच्या नावावर विकून झाला होता. रुग्णाच्या जागी सभासद आणि औषधाच्या जागी पुस्तक घातलंत, एवढंच तुमचं सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग.

त्या मुलांचा राग मला आला नाही असं नाही. पण ती मुलं घाबरलेली होती. चौघांपैकी एकाला डेटाबेस म्हणजे काय हे नीट कळत होतं, त्याला ती प्रश्नचिन्हं पाहून खरोखर उत्सुकता वाटली, त्यानं विचारलंही, "हे असं का होतंय?" चार वर्षांच्या अभ्यासक्रमात त्याला पडलेला हा बहुधा पहिला खरा प्रश्न असावा, आणि तो पडला तेव्हा सबमिशनला एक रात्र उरली होती. तुमच्यावर माझा मुख्य आरोप हाच आहे. मुलगा गणितं सोडवतो, भाषांचे नियम पाठ करतो, प्रयोगवह्या भरतो. या सगळ्यात एकदाच त्याला कुणातरी परक्या माणसाच्या टेबलापाशी बसून, त्याचं काम समजून घेऊन, त्याच्यासाठी काहीतरी करून द्यायची संधी असते. तुम्ही नेमकी तीच संधी हिरावून घेता.

आमच्या टेबलापाशी काय सापडलं असतं ते ऐका.

आमची दाखल नोंदवही अनेक हातांनी लिहिलेली आहे. एकच लेखक तिच्यात 'वि. स. खांडेकर', 'खांडेकर वि. स.' आणि 'विष्णु सखाराम खांडेकर' असा तीन प्रकारे येतो. संगणकाला ही तीन माणसं वाटतात. राम गणेश गडकरी नाटकांवर स्वतःच्या नावानं, कवितांवर गोविंदाग्रज म्हणून आणि विनोदी लेखांवर बाळकराम म्हणून आहेत. शिरवाडकरांचं नाटक मागणाऱ्या वाचकाला कुसुमाग्रजांच्या कविताही दिसाव्यात, हे बाईंना सांगावं लागत नाही, पण प्रोग्रामला कुणीतरी शिकवावं लागतं. वर्णानुक्रमाचं पाहा. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ सगळ्यांत शेवटी. युनिकोडच्या क्रमांकात ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, आणि क्ष हा क आणि ष यांची जोडणी असल्यामुळे क च्या पोटात जातो. वेगळी सोय केली नाही तर 'ज्ञानेश्वरी' ज मध्ये शोधावी लागते. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते आणि आजही अनेक कीबोर्डांवर तेच होतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, शोधताना एकाला दुसरं सापडत नाही. 'कुऱ्हाड'मधला तो आडवा र दोन रीतींनी टंकता येतो, तिथेही तेच.

हे चार विद्यार्थ्यांना एक अख्खं सत्र पुरेल इतकं काम आहे. आणि ते आमच्यापुरतं राहिलं नसतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालयं राज्यात आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांतली. वर्गाप्रमाणे अनुदान, अनुदानासाठी दरवर्षी अहवाल आणि तपासणी. कितीतरी ठिकाणी एकटी ग्रंथपाल बाई तुटपुंज्या पगारात हे सगळं हातानं लिहून काढते. एका वाचनालयाचा प्रश्न मुलांनी नीट सोडवला असता, तर तो शेजारच्या तालुक्यालाही देता आला असता.

तुम्ही म्हणाल, कोड उचलणं हा गुन्हा कधीपासून झाला? झालेलाच नाही. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल उजाडताना बंद पडेल अशी भीती होती. त्यांनी कटिपो नावाच्या स्थानिक कंपनीकडून नवी करून घेतली आणि ती सर्वांसाठी खुली केली. तीच 'कोहा'. २००० च्या जानेवारीत ती तिथे सुरू झाली आणि आज जगभरातल्या ग्रंथालयांत चालते, भारतातही. ती फुकट घ्या, बदला, वाटा, परवान्यानंच तशी मुभा दिली आहे. अट एवढीच, की आधी कुणी लिहिलं त्याचं नाव पुसू नका आणि बदल करून पुढे दिलंत तर तेही खुलं ठेवा. एखाद्या मुलानं कोहा आमच्या संगणकावर बसवून, त्यात मराठी वर्णक्रमाची दुरुस्ती करून, 'मूळ काम यांचं, एवढा भाग माझा' असं अहवालात लिहिलं असतं, तर मी स्वतः कॉलेजात जाऊन त्याला पूर्ण गुण द्या म्हणून सांगितलं असतं. तुमच्या पेन ड्राइव्हमधल्या फायलींवर मूळ लिहिणाऱ्याच्या नावाची ओळ होती, ती खोडून तिथे चार विद्यार्थ्यांची नावं घातलेली होती. खोडताना एका फाइलीत विसरलात, म्हणून मला कळलं.

तुमचा दुसरा बचाव मी ऐकला आहे: मुलांना वेळ नसतो, कॅम्पस मुलाखती असतात, एकेका गाइडकडे इतके गट असतात की तो कुणाकडेच पाहत नाही, आणि परीक्षक अहवालाची पानं मोजतो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. त्या गाइडला आणि परीक्षकालाही मी लिहीन. पण व्यवस्थेला भगदाड पडलं म्हणून त्यात गल्ला मांडून बसायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? अडलेल्या मुलाला तुम्ही कोड समजावून दिला असता, डेटाबेस शिकवला असता, तर ती शिकवणी झाली असती आणि तिचे पैसे घ्यायला कुणाची हरकत नव्हती. तुम्ही त्याला व्हायव्हाची उत्तरं पाठ करायला दिलीत.

दुसऱ्या ठिकाणी हे कसं चालतं पाहा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९९५ पासून एक उपक्रम आहे, एपिक्स. विद्यार्थ्यांचे गट स्थानिक संस्थांसाठी काम करतात, पण गटात पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतची मुलं एकत्र असतात. जुनी मुलं पास होऊन गेली तरी काम नव्यांच्या हातात राहतं. विद्यार्थ्यांनी केलेलं साधन मरतं ते बहुतेक वेळा निकालाच्या दिवशी, आणि हा उपाय नेमका त्यावर आहे. आपल्याकडे मुंबई आयआयटीत 'सितारा' हे ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं केंद्र १९८५ पासून आहे. तिथले विद्यार्थी गावात जाऊन पाणीयोजनांसारखे प्रश्न अभ्यासतात आणि त्याचे त्यांना गुण मिळतात. तेव्हा आपल्याकडच्या मुलांना हे जमत नाही, असं तुम्ही कुणाला सांगू नका.

आमच्याच वाचनालयात दोन मुली आल्या होत्या, तंत्रनिकेतनातल्या. त्यांनी शिक्का मागितला नाही. बाईंच्या शेजारी बसल्या, पुस्तकं देताघेताना पाहत राहिल्या. त्यांच्या लक्षात आलं, की बाईंची खरी ओढाताण दिवाळी अंकांत होते. अंकांची वर्गणी वेगळी, अंक थोडे, वाचक पुष्कळ, अंक दोन-चार दिवसांत परत यायला हवा आणि कोणाचा नंबर पुढचा यावर दर संध्याकाळी वाद. बाई हे सगळं एका छोट्या डायरीत ठेवायच्या. मुलींनी त्या डायरीचाच साधा एक्सेल तक्ता केला: अंक, कोणाकडे, कधीपासून, पुढे कोण. त्यात ना लॉगिन होतं ना रंगीत पडदा. एका कागदावर वापरायची पद्धत मराठीत लिहून कपाटाच्या दारावर चिकटवली आणि जाताना तो तक्ता बाईंकडूनच वापरून घेतला. तो तक्ता दर दिवाळीला निघतो. या दोन मुलींना तुमच्या काळ्या कव्हरच्या अहवालापेक्षा कमी गुण मिळाले, कारण त्यांचा अहवाल बारीक होता. ते आठवलं की माझा संताप होतो.

आणखी एक गोष्ट, आणि ही धोक्याची आहे. तुमच्या प्रणालीत सभासदाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर, जन्मतारीख भरायची होती. पासवर्ड उघडे साठवलेले होते. लॉगिनच्या चौकटीत एक साधी खोडसाळ ओळ टाकली की पासवर्डाशिवाय आत जाता येत होतं, हे मी करून पाहिलं. एखाद्या भोळ्या संस्थेनं खरंच ही प्रणाली इंटरनेटवर चढवली, तर तिच्या सगळ्या सभासद बायकामुलींचे पत्ते आणि नंबर रस्त्यावर येतील. २०२३ साली संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. माहिती फुटली तर विचारणा संस्थेकडे होणार, गाळ्यातल्या माणसाकडे नाही. ज्या मुलांनी एकदाही खरी माहिती हाताळली नाही, ती उद्या बँकेत, रुग्णालयात, सरकारी खात्यात माहिती सांभाळायला बसणार आहेत. एवढा विचार तुमच्या दरपत्रकात कुठे बसतो ते मला सांगा.

बाईंनी शिक्का दिला नाही. मुलांनी पत्राचं काय केलं, मला माहीत नाही. पण त्यांच्यातला एक जाताना बोलून गेला, की दुकानात आमच्या लेटरहेडची स्कॅन केलेली प्रत आहे, शिक्क्यासकट. ती कुठल्याशा जुन्या पत्रावरून उचललेली असणार.

ती प्रत पुसून टाका. आमच्या कार्यकारिणीनं ठराव केला आहे: वाचनालयाच्या नावानं झालेला प्रत्येक विद्यार्थी-प्रकल्प आमच्या रजिस्टरमध्ये क्रमांकासह नोंदला जाईल, आणि नोंद नसलेलं पत्र आमचं नाही, असं विद्यापीठाला व जवळच्या सगळ्या कॉलेजांना लेखी कळवलं आहे. तालुक्यातल्या इतर वाचनालयांनाही तसंच करायची विनंती गेली आहे. यापुढे आमचं नाव तुमच्या कोणत्याही अहवालावर दिसलं, तर पत्र लिहीत बसणार नाही, पोलिसांत तक्रार देईन.

आणि तुमच्या जिन्यावरून वर चढणाऱ्या मुलांपैकी कुणाच्या हाती हे पत्र पडलं, तर त्याच्यासाठी: वाचनालय सोमवार सोडून रोज संध्याकाळी उघडं असतं. दाखल नोंदवही टेबलावर असते, बाई बोलायला तयार असतात. लेखकांच्या नावांचा गोंधळ अजून तसाच आहे. जून-जुलैमध्ये या, मार्चमध्ये नको.

एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीची सदस्य