कमरेला पिस्तूल, हाताला क्लच

मोटरसायकल चालवणाऱ्याचे चारही हातपाय आधीच कामाला जुंपलेले असतात, ही गोष्ट स्वसंरक्षणार्थ पिस्तूल बाळगून देशभर भटकणारे अमेरिकी स्वार सहसा विचारात घेत नाहीत. उजवा हात ॲक्सिलरेटर पिळतो आणि पुढचा ब्रेक दाबतो, डावा क्लच सांभाळतो, डावा पाय गिअर बदलतो आणि उजवा मागच्या ब्रेकवर टेकलेला असतो; तेव्हा हल्लेखोर अवतरलाच, तर पिस्तूल उपसायला पाचवा अवयव आणायचा कुठून? उजवा हात सोडावा तर गाडीचा वेग पडतो, म्हणजे ज्याच्यापासून पळायचे त्याचीच सोय होते. शिवाय होल्स्टरपर्यंत, म्हणजे पिस्तुलाच्या कमरेवरील म्यानापर्यंत, पोहोचण्यापूर्वी जाड हातमोजा काढणे आणि जॅकेटची चेन उघडणे हे विधी उरकावे लागतात, आणि तोवर हल्लेखोराने अदबीने थांबावे, असे गृहीत धरावे लागते.

या बाबतीत जुने सायकलस्वार भाग्यवान म्हटले पाहिजेत. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये गालाँ नावाच्या बंदूककाराने ‘व्हेलो-डॉग’ हे खिशात मावणारे रिव्हॉल्व्हर काढले, ज्याचा हेतू सायकलमागे धावणाऱ्या कुत्र्यांचा बंदोबस्त हा होता. कुत्र्याचा जीव घेणे ज्यांना जड वाटे त्यांच्यासाठी तिखटाची पूड भरलेली काडतुसेही मिळत. सायकलला क्लच नसल्यामुळे एक हात मोकळा सापडण्याची शक्यता तरी होती. महाराष्ट्रातील दुचाकीस्वार कुत्र्यांचा प्रश्न दोन्ही पाय वर उचलून सोडवतो, आणि त्यासाठी त्याला कोणताही परवाना लागत नाही.

अमेरिकेत मात्र परवान्याचा प्रश्न राज्यागणिक बदलतो. साउथ डकोटातील स्टर्जिस या लहानशा गावी १९३८ पासून ऑगस्टमध्ये मोटरसायकलस्वारांचा मेळा भरतो आणि तेथे पूर्वेकडून जाणारा ९० क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग कायद्याच्या अभ्यासकाला फार मनोरंजक वाटावा असा आहे. पेनसिल्व्हेनियात कपड्यांखाली पिस्तूल झाकून बाळगायला परवाना लागतो. ओहायो आणि इंडियाना यांनी २०२२ साली ही अट काढून टाकली. त्यानंतर शिकागोजवळ इलिनॉयची हद्द लागते, जे राज्य इतर कोणत्याही राज्याचा परवाना आपल्या रस्त्यांवर पिस्तूल लावून हिंडण्यास पुरेसा मानत नाही. म्हणजे इंडियानात जो सज्जन नागरिक असतो तोच, अंगावरील एकही वस्तू न बदलता, हद्दीच्या पाटीपलीकडे आरोपी होऊ शकतो. साउथ डकोटात, जेथे २०१९ पासून परवान्याची गरज नाही, तो पुन्हा सज्जन होतो.

यावर तोडगा म्हणून १९८६ च्या संघीय कायद्याने, म्हणजे सर्व राज्यांना लागू असलेल्या केंद्रीय कायद्याने, सुरक्षित वाहतुकीची तरतूद केली आहे. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या ठिकाणी शस्त्र बाळगणे वैध असेल, तर मधल्या राज्यांतून ते नेता येते. मात्र ते रिकामे हवे, ते आणि काडतुसे दोन्ही सहज हाती लागता कामा नयेत आणि वाहनाला वेगळी डिकी नसल्यास ते कुलूपबंद पेटीत असले पाहिजे. हा मजकूर लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोटारगाडी होती, हे उघड आहे. मोटरसायकलस्वाराने तो तंतोतंत पाळायचा, तर गाडी स्टँडला लावणे, साइडबॅग उघडणे, पेटीचे कुलूप काढणे आणि काडतुसे शोधून भरणे एवढे सारे झाल्यावर स्वसंरक्षणास प्रारंभ करता येतो. पेटीची सक्ती नसलेल्या राज्यांतही शाळा आडव्या येतात, कारण दुसऱ्या एका संघीय कायद्यानुसार शाळेपासून १००० फुटांच्या आत शस्त्र नेण्यास मनाई आहे आणि त्यातील परवानाधारकाची सूट केवळ त्याच राज्याने दिलेल्या परवान्याला आहे. प्रत्येक गावाच्या वेशीवर थांबून पिस्तूल पेटीत ठेवणारा आणि गाव ओलांडल्यावर ते पुन्हा कमरेला लावणारा स्वार, असा नेमस्त मनुष्य प्रत्यक्षात आढळणे कठीणच.

ज्या संकटांनी मोटरसायकलस्वार प्रत्यक्षात मरतात, त्यांत समोरून येऊन अचानक डावीकडे वळणारी मोटार, वळणावर सांडलेली खडी आणि संध्याकाळी रस्त्यावर उडी घेणारे हरीण यांचा समावेश होतो, आणि यांपैकी कोणीही पिस्तुलाला भीत नाही. तरीही पिस्तुलाच्या परवान्यासाठी १६ तासांचे प्रशिक्षण सांगणारे इलिनॉय डोक्यावर हेल्मेट असावे, असे कोणत्याही स्वाराला सांगत नाही, आणि साउथ डकोटाही १८ वर्षांवरील स्वाराच्या कवटीची जबाबदारी त्याच्यावरच सोपवते. कमरेला शस्त्र आणि डोके उघडे, अशा थाटात स्टर्जिसला निघालेल्यांची ही स्वातंत्र्यनिष्ठा निदान पुणेकरांना तरी समजावून सांगावी लागू नये; हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलने करणाऱ्या शहराने पिस्तुलाची जोड नसतानाही तेवढाच बाणेदारपणा दाखवलेला आहे.

तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर तिकडे गेलेल्या मराठी अभियंत्याने हौसेने मोटरसायकल घेतली, तरी पिस्तुलाचा मोह त्याला परवडणारा नाही, कारण अशा व्हिसाधारकांना संघीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. या बंदीला जे अपवाद आहेत त्यांत शिकारीच्या परवान्याचा समावेश आहे. तेव्हा अंधार पडताना रस्त्यावर येऊन जे हरीण त्याचा जीव घेऊ शकते, त्याच हरणाच्या शिकारीचा परवाना काढून त्याला कायदेशीररीत्या शस्त्रधारी होता येते. फक्त चालत्या मोटरसायकलवरून त्या हरणावर गोळी झाडणे हा बहुतेक राज्यांत पुन्हा वेगळा गुन्हा आहे.