तिकीट हाती नाही, भाव मात्र लाखात

२२ सप्टेंबर २०२४ला 'कोल्डप्ले' या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं 'बुक माय शो'वर खुली झाली. लाखो लोक मोबाइल घेऊन ऑनलाइन रांगेत बसले आणि बहुतेकांच्या पदरी निराशा पडली. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची हीच तिकिटं फेरविक्रीच्या संकेतस्थळांवर मात्र काही लाखांपर्यंत पोचली होती. ही उघड लूट आहे.

अशा संकेतस्थळाचं एखादं पान नीट बघा. विभागाचं नाव असतं, पण आसनक्रमांक नसतो. विकणारा कोण, हे कळत नाही. तिकिटाची मूळ किंमत कुठेच दिसत नाही. 'फक्त २ शिल्लक' अशी लाल पट्टी डोळ्यांसमोर नाचत राहते आणि पैसे भरायच्या शेवटच्या पानावर सेवाशुल्काची भर पडते. पुष्कळदा विकणाऱ्याकडे तिकीट नसतंच. आधी तुमचे पैसे घ्यायचे, मग तिकीट मिळतंय का ते बघायचं, असा हा धंदा. नाही मिळालं, तर तुम्ही प्रवासखर्च करून दाराशी उभे, आणि विकणाऱ्याचा पत्ता नाही.

खोटी घाई लावणं आणि किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणं या दोन्ही गोष्टींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्येच मनाई केली आहे. फसवणूक झाली असेल, तर पानाचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पण मूळ किमतीच्या दहापट भाव लावण्याला थेट आडकाठी करणारा कायदा कुठे आहे? मुंबई उच्च न्यायालयात या प्रश्नावर जनहित याचिका झाली. जानेवारी २०२५मध्ये न्यायालयाने ती फेटाळली आणि नियम करणं हे विधिमंडळाचं व सरकारचं काम असल्याचं सांगितलं.

मग करा ना ते काम! जपानने २०१८मध्ये आणि आयर्लंडने २०२१मध्ये चढ्या भावाच्या फेरविक्रीविरुद्ध कायदे केले. आपल्याकडे खेळ आणि करमणूक हे विषय राज्यसूचीत येतात, त्यामुळे मुंबईने दिल्लीकडे बोट दाखवायचं कारण नाही. छापील किमतीपेक्षा जास्त भावाने फेरविक्रीला बंदी घाला. आसनक्रमांक आणि मूळ किंमत दाखवणं सक्तीचं करा. हाती नसलेलं तिकीट विकणं हा गुन्हा ठरवा. आणि एकूण तिकिटांपैकी प्रायोजक व बड्या पाहुण्यांसाठी किती बाजूला काढली, हे विक्रीआधी जाहीर करायला आयोजकांना भाग पाडा. तिकिटं मुळात किती होती हेच लपवलं, तर ती कुठे गेली याचा हिशेब मागणार कसा?

सिनेमागृहाबाहेर 'पाच का दस' करणाऱ्याची कॉलर पोलिसांनी वर्षानुवर्षं धरली. संकेतस्थळ थाटून त्याच्या कैक पटींनी कमावणाऱ्यांना मोकळं सोडणं हा प्रामाणिक रसिकावर अन्याय आहे. विधिमंडळाच्या पुढच्याच अधिवेशनात असं विधेयक आलं पाहिजे.