हजेरीपटावरचा शिपाई

संगीत नाटकातला भालदारसुद्धा एक ललकारी ठोकून विंगेत जातो. प्रायव्हेट वेर्झबोव्स्कीच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

जेम्स कॅमेरॉनच्या 'एलियन्स' (1986) या चित्रपटात परग्रहावर उतरणाऱ्या मरीन सैनिकांपैकी तो एक. ही भूमिका केली ट्रेव्हर स्टीडमन यांनी, आणि ते होते मूळचे स्टंटमन. म्हणजे पडणं-धडपडणं हाच ज्यांचा पेशा, त्यांना वाक्यं कशाला द्यायची, असा दिग्दर्शकाचा हिशेब असावा. पहिल्याच चकमकीत तो जातो. कसा, कुठे, कोणाच्या हातून? अंधार, आरडाओरडा, मॉनिटरवर फडफडणारी चित्रं. प्रेक्षकाला त्याचा चेहरा आठवेपर्यंत त्याचे दिवस भरलेले असतात.

उलट याच तुकडीचे लेफ्टनंट गॉर्मनसाहेब बघा. सरावातल्या मोहिमा 38, प्रत्यक्षातल्या 2, त्यातही दुसरी म्हणजे हीच! असा अनुभवसंपन्न अधिकारी चिलखती गाडीत पडद्यांसमोर बसतो, नुसता घामाघूम होतो आणि तरीही वेर्झबोव्स्कीपेक्षा कितीतरी जास्त जगतो. शिवाय शेवटी त्याला वीरमरणाचा ऐटदार प्रसंगही मिळतो. हुद्दा मोठा असला की मरणाचीही नीट व्यवस्था होते.

पोलिश भाषेत 'वेझ्बा' म्हणजे विलोचं झाड. वेर्झबोव्स्की हे आडनाव त्यावरूनच आलेलं. चित्रपटाने त्याच्याविषयी पुरवलेली सविस्तर माहिती म्हणजे हे आडनाव.

अर्थात, याच तुकडीतून जिवंत सुटलेल्या कॉर्पोरल हिक्सला तरी काय मिळालं? 1992च्या 'एलियन 3'मध्ये सुरुवातीलाच तो मेलेला सापडतो.