आजोबांचा पाइप : वंशावळ, शुद्धी आणि वाटणी

वडिलोपार्जित मालमत्तेची यादी करताना घर, जमीन, दागिने आणि बँकेतील ठेवी यांचा निकाल लागल्यावर ‘इतर किरकोळ वस्तू’ या सदराखाली जे काही उरते, त्यात तंबाखू ओढण्याच्या जुन्या पाइपांचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. कारण वाटणीच्या वेळी त्यांवर कोणी हक्क सांगत नाही, कोणी ते टाकूनही देऊ देत नाही, आणि अखेरीस ते ज्याच्या गळ्यात पडतात त्या वारसाला बहुधा सुपारीच्या खांडाचेही व्यसन नसते. ब्रिटन आणि आयर्लंड या देशांत, जेथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाइप हा प्रौढ पुरुषाच्या चेहऱ्याचाच एक अवयव समजला जाई, हा प्रसंग घरोघरी ओढवत आला आहे. इंग्रजी बोलणाऱ्या जगात वापरलेल्या पाइपाला ‘इस्टेट पाइप’ असे भारदस्त नाव आहे, ज्यायोगे दुसऱ्याच्या तोंडातली वस्तू विकत घेताना गिऱ्हाइकाला जहागीर घेतल्याचे समाधान लाभते. मराठी घरात हा योग यायला पूर्वजांत एखादा बॅरिस्टर, रेल्वेतला बडा अधिकारी किंवा पलटणीतला मेजर असावा लागतो. बाकीच्यांचा पाइपाशी परिचय हा मुख्यतः जुन्या हिंदी चित्रपटांत रेशमी गाऊन घालून जिन्यावरून उतरणाऱ्या आणि मुलीच्या लग्नाला नकार देणाऱ्या श्रीमंत बापापुरता मर्यादित राहिला आहे.

पाइपाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. तंबाखू भरण्याची वाटी आणि तिला लागून असलेला आखूड दांडा हे लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेले असतात, आणि दांड्याच्या भोकात बसणारी, दातांत धरायची नळी वेगळी असते. उत्तम वाटीचे लाकूड ब्रायरचे, म्हणजे भूमध्य समुद्राभोवतीच्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झाडोऱ्याच्या बुंध्याशी जमिनीत जी गाठ धरते तिचे असते. ही गाठ खणून काढून, तिचे ठोकळे कित्येक तास उकळून, आतला तुरट रस घालवून आणि मग महिनोन्महिने वाळवून जे लाकूड हाती येते, ते विस्तवाला सहसा दाद देत नाही. फ्रान्सच्या जुरा पर्वतातील सां-क्लोद या गावी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रायरचे पाइप होऊ लागले. त्यापूर्वी तेथले कातारी यात्रेकरूंसाठी जपमाळा आणि पूजेअर्चेच्या लाकडी वस्तू करीत असत, आणि भक्तांपेक्षा तंबाखू ओढणाऱ्यांची निष्ठा अधिक भरवशाची असल्याचे ध्यानात येताच त्यांनी आपले कसब नव्या सेवेस लावले. नळी व्हल्कनाइटची, म्हणजे रबरात भरपूर गंधक मिसळून व तापवून कठीण केलेल्या पदार्थाची असते, आणि या खटाटोपाचे मूळ चार्ल्स गुडइयर याने 1844 मध्ये घेतलेल्या पेटंटात आहे. दोहोंच्या सांध्यावर क्वचित चांदीचे कडेही असते. म्हणजे लाकूड कॉर्सिकाचे, रबर उष्ण कटिबंधातले, चांदी बर्मिंगहॅमची आणि नाव कारखानदाराचे. मग त्यात आजोबांचे काय, असा प्रश्न उरतो. त्याचे शास्त्रशुद्ध उत्तर असे, की वाटीतली काजळी, काठावरचे डांबर आणि नळीवरचे दातांचे व्रण एवढाच ऐवज निर्विवादपणे आजोबांचा असून जीर्णोद्धाराची सुरुवात नेमकी तो ऐवज नाहीसा करण्यापासून होते.

तत्पूर्वी पाइपाची ओळख पटवावी लागते, आणि या कामी घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणींपेक्षा दांड्याच्या दोन्ही अंगांना ठशाने उमटवलेली बारीक अक्षरे अधिक विश्वासार्ह ठरतात, म्हणूनच ती घरात अप्रिय होतात. ही अक्षरे तिरप्या उजेडात, भिंगाखाली वाचायची असतात. समोरून पाहिल्यास त्यांतील निम्मी दिसत नाहीत आणि उरलेली निम्मी वारसाला जे हवे ते म्हणत आहेत असे वाटते. लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर 1907 मध्ये दुकान थाटणाऱ्या अल्फ्रेड डनहिलच्या पाइपांना नळीवर एक पांढरा ठिपका असतो. हाताने घडवलेल्या नळीची वरची बाजू कोणती हे कळावे एवढ्यासाठीच तो मुळात बसवला गेला असे सांगतात, आणि हे खरे असेल तर गिऱ्हाइकांच्या गोंधळातून इतके प्रतिष्ठित व्यापारचिन्ह दुसरे क्वचितच जन्मले असेल. याच पाइपांवर ‘मेड इन इंग्लंड’ या शब्दांच्या शेपटाला एक बारीक अंक जडलेला असतो, ज्यावरून पाइप कोणत्या साली तयार झाला ते काढता येते: 5 असेल तर 1965 आणि 15 असेल तर 1975, असा हा सरळ हिशेब असून त्याचा सरळपणा येथेच संपतो, कारण 5 हा अंक 1955 सालच्या पाइपावरही असू शकतो. कोणता अंक कोणत्या दशकाचा हे त्याच्या आकारावरून, तो शेजारच्या अक्षराच्या मानाने किती वर चढून बसला आहे यावरून आणि त्याच्या खाली रेघ आहे की नाही यावरून ठरवायचे असते. परिणामी आजोबांनी तो महागडा पाइप लग्नाआधी स्वतःच्या पैशाने घेतला की लग्नानंतर सासऱ्याच्या, हा कुटुंबातील नाजूक प्रश्न केसाएवढ्या रेघेवर लटकत राहतो.

डब्लिनच्या पीटरसन कंपनीचे पाइप घटनाशास्त्राच्या अभ्यासकाला अधिक मानवतात. त्या देशाने विसाव्या शतकात आपले नाव जितक्या वेळा बदलले तितक्या वेळा कंपनीला आपला ठसा बदलावा लागला, आणि त्यामुळे दांड्यावर ‘आयरिश फ्री स्टेट’ असल्यास पाइप साधारणपणे 1922 ते 1937 या काळातला, ‘एर’ असल्यास त्यानंतरचा आणि ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ असल्यास 1949 किंवा त्यापुढचा, असे अनुमान निघते. 1916 च्या डब्लिनमधील उठावात खंदकात बसून आजोबांनी हाच पाइप ओढला होता, अशी कथा ज्या घरात तीन पिढ्या चालत आलेली असते, त्या घरात ‘रिपब्लिक’ हा शब्द भिंगाखाली स्पष्ट उमटतो तेव्हा बहुधा भिंगच सदोष असल्याचा निष्कर्ष काढला जातो. याच कंपनीच्या निकेलचे कडे असलेल्या पाइपांवर शॅमरॉकचे पान, शिकारी कुत्रा आणि गोल मनोरा अशी तीन चिन्हे काही काळ उमटवली जात. ती आयर्लंडची शोभाचिन्हे असून त्यांचा धातूच्या शुद्धतेशी काडीचा संबंध नाही, परंतु त्यांना चांदीची सरकारी छाप समजून मनाने किंमत ठरवून बसलेल्या वारसांची परंपरा बरीच जुनी आहे.

खऱ्या चांदीवरची छाप वेगळी असते. इंग्लंडमध्ये चांदी कसाला लावून पाहणाऱ्या अधिकृत कचेऱ्या तिच्यावर चालता सिंह, शहराची खूण आणि सालाचे अक्षर उमटवतात. शहराची खूण लंडनसाठी बिबट्याचे मुंडके आणि बर्मिंगहॅमसाठी नांगर अशी आहे. बर्मिंगहॅमच्या आसपास समुद्र नसताना तेथे नांगर कोठून आला, याचा प्रचलित खुलासा असा, की 1773 मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन्ही शहरांना अशी कचेरी मिळावी म्हणून लंडनच्या ज्या खाणावळवजा गुत्त्यात खलबते झाली त्याचे नाव ‘क्राउन अँड अँकर’ होते, म्हणून एकाने मुकुट घेतला आणि दुसऱ्याच्या वाट्याला नांगर आला. सालाची अक्षरे संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि दरवेळी केवळ अक्षराचे वळण व त्याभोवतीच्या ढालीचा आकार बदलतो. शिवाय या अक्षरावरून ठरते ते कड्याचे वय. पाइपाचे वय त्यावरून ठरतेच असे नाही, कारण तडकलेला दांडा सावरण्यासाठी मागाहून कडे चढवण्याचा रिवाज होता.

वंशावळ सिद्ध झाली की शुद्धीचे प्रकरण सुरू होते. वाटीच्या आत वर्षानुवर्षे जळालेल्या तंबाखूचा जो कठीण थर साचतो त्याला मराठीत खरपुडी म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. हा थर मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचा असेल तर लाकडाचे आगीपासून रक्षण करतो, परंतु त्याहून जाड झाल्यास तापल्यावर तो लाकडाहून वेगळ्या प्रमाणात फुगतो आणि वाटीला तडा जाण्याचे भय निर्माण होते. तो रीमर नावाच्या, वाटीत घालून गोल फिरवण्याच्या पात्यांच्या हत्याराने थोडा थोडा खरवडायचा असतो. आजोबा चिमूटभर तंबाखूवर संध्याकाळ काढीत, या ज्या काटकसरीचे दाखले नातवंडांना आयुष्यभर देण्यात आले, तिचे खरे कारण हे काम करताना उमगते: वाटीत चिमटीपेक्षा जास्त तंबाखू मावायला जागाच उरलेली नव्हती.

काठावर चिकटलेल्या डांबरासाठी जाणकार मंडळी जो पदार्थ सुचवतात तो ऐकून सोवळ्यातले घर हादरेल, कारण तो पदार्थ म्हणजे थुंकी होय. कापसाचा बोळा जिभेला लावून काठावर हलकेच फिरवावा, असा हा उपचार असून त्यास विज्ञानाचा आधार आहे. लाळेतील अमायलेज या विकरामुळे ती नाजूक पृष्ठभाग उत्तम साफ करते, हे दाखवून देणाऱ्या पोर्तुगीज संशोधकांना 2018 मध्ये इग नोबेल हा, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार मिळाला. आजोबांचे उष्टे नातवाच्या उष्ट्याने शुद्ध होते, हा सिद्धान्त कोणत्याही धर्मशास्त्राच्या ग्रंथात बसवणे मात्र अवघड आहे.

दांड्याच्या आतली वाट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या, तारेवर सुती लव गुंडाळलेल्या काड्यांनी साफ करतात. पहिली काडी काळीकुट्ट निघते, विसावी तपकिरी, आणि पांढरीशुभ्र काडी निघण्याच्या आत बहुतेकांचा धीर किंवा काड्यांचा पुडा संपतो. इतके करूनही लाकडात मुरलेला पूर्वीच्या तंबाखूचा वास जात नाही. पाइप ओढणारे त्याला भूतच म्हणतात, आणि सायप्रसमध्ये धुरावर शेकून केलेल्या लाताकिया तंबाखूचे भूत त्यांत सर्वांत चिवट समजले जाते. त्यावर तोडगा असा, की वाटीत मीठ भरावे, ते अल्कोहोलने भिजवावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी मीठ तपकिरी झालेले असते आणि भूत बरेचसे उतरलेले असते. भूत उतरवायला मीठ लागते हे मराठी आजीला कोणी शिकवण्याची गरज नाही. तिच्या मिठाबरोबर मोहरी असते आणि येथे मोहरीचे काम अल्कोहोल करते, एवढाच दोन संप्रदायांतील फरक. मिठामुळे लाकूड चिरते असे मानणारा एक पंथ असून तो मिठाऐवजी कापूस वापरतो, आणि या दोन पंथांमधील वाद वेदान्त्यांच्या वादांहून कमी कडवट नसतात.

नळीचा प्रश्न अधिक गहन आहे. व्हल्कनाइट उजेडात आणि हवेत राहिले की त्यातले गंधक पृष्ठभागावर येते, काळीभोर नळी शेवाळी-तपकिरी पडते आणि तिला अशी काही कडू चव येते की आजोबांच्या स्वभावाविषयीचे अनेक खुलासे आपोआप होतात. हा थर बारीक, मग आणखी बारीक पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून घासत न्यायचा असतो. दातांच्या व्रणांसाठी वेगळी युक्ती आहे. घडवताना दिलेला मूळ आकार हा पदार्थ विसरत नाही, त्यामुळे मेणबत्तीची किंवा लायटरची ज्योत नळीजवळून अलगद, न थांबता फिरवली असता दाबले गेलेले रबर हळूहळू उसळून वर येते आणि चाळीस वर्षे रोज संध्याकाळी उमटलेला सुळ्याचा ठसा पाहता पाहता भरून निघतो. ज्योत अंमळ जास्त वेळ थांबली तर वाकडी नळी सरळ होते, कारण मूळ आकार म्हणून तिला तोच आठवत असतो. येथे एक ऐतिहासिक तफावत नोंदवण्याजोगी आहे: ब्रायर येण्यापूर्वी मातीचे पाइप ओढले जात तेव्हा झीज उलट दिशेने होई, आणि इंग्लंड-आयर्लंडमधील जुन्या दफनभूमींत मिळालेल्या कवट्यांच्या दातांत मातीच्या नळीने पाडलेल्या गोल खाचा पुरातत्त्वज्ञांना आजही सापडतात. त्या काळी पाइप माणसावर छाप सोडी. व्हल्कनाइट आल्यावर माणसाची पाळी आली, आणि ती छाप मेणबत्तीने पुसता येते.

शेवटचा संस्कार चकाकीचा. विजेच्या मोटरवर फिरणाऱ्या कापडी चाकावर कार्नौबा नावाचे ब्राझीलच्या ताडजातीच्या झाडाचे मेण लावून वाटी त्यावर धरली की लाकडाच्या रेषा अशा उजळतात की धरणाऱ्याला थांबवत नाही, आणि जीर्णोद्धाराच्या इतिहासातील बहुतेक अनर्थ याच क्षणी घडलेले आहेत. दांडा चाकाखाली जरा अधिक रेंगाळला तर ‘इंग्लंड’ जाते, मग साल जाते, मग कारखानदार जातो, आणि ज्या पाइपाची कुळी एवढ्या परिश्रमाने शोधली तो अत्यंत देखणा व पूर्णपणे बेवारस होऊन बाहेर पडतो. मुरलेले संग्राहक म्हणूनच अक्षरांच्या जागी मळ राहू देतात, आणि चकचकीत पाइपाकडे स्थळ पाहायला आलेल्या माणसाच्या संशयाने पाहतात.

किमतीच्या बाबतीत बाजाराचा न्याय असा आहे, की जुन्या पाइपांत सर्वाधिक मोल कधीही न ओढलेल्या पाइपाला मिळते. हॅरल्ड विल्सन हे ब्रिटनचे पंतप्रधान 1965 मध्ये तेथील ‘पाइप स्मोकर ऑफ द इयर’ ठरले, पुढे 1976 मध्ये दशकाचे मानकरीही झाले, आणि खासगीत मात्र त्यांना सिगार अधिक आवडत असे. तेव्हा पाइपाचा उपयोग ओढण्यापेक्षा धरण्यासाठी करणारे सद्गृहस्थ दुर्मीळ नव्हते. जन्मभर पाइप ओढला अशी ज्यांची ख्याती होती त्या आजोबांच्या पेटीतून एखादा पाइप निघतो, वारस भिंग लावतो, आणि वाटीत तळापर्यंत कोरे लाकूड दिसते, काजळीचा ठिपकाही नसतो. तेव्हा विक्रेत्याला फोन करून ही वार्ता आनंदाने द्यायची आणि आत्याबाईंना मात्र काही सांगायचे नाही, असा व्यवहार रूढ आहे.