काकूंना जड द्या

जिममध्ये नाव घातलं त्या दिवशी ट्रेनरने माझ्या हातात एक किलोचे गुलाबी डंबेल ठेवले. "काकू, तुम्हाला एवढं बास." माझ्या पायाशी पिशवी होती. तिच्यात चक्कीवरून आणलेलं पाच किलो ज्वारीचं दळण. तेच घेऊन मी दोन जिने चढून त्याच्यापुढे उभी राहिले होते. त्या पोराचा राग नाही आला. त्याला कुणीतरी असंच शिकवलं असणार. पण हे शिकवणंच चुकीचं आहे आणि ते बायकांच्या हाडांवर बेततं.

दुसरी चूक आपली आहे. "घरकामात व्यायाम होतोच की" हे बायकाच म्हणतात. नाही होत. दमणूक होते. पंचविशीत कमरेवर घेतलेली घागर पन्नाशीतही तेवढ्याच पाण्याची असते आणि सवयीच्या ओझ्याला शरीर दाद देत नाही. ओझं हळूहळू वाढलं तरच स्नायू बळावतात. हाड त्याच्यावर पडणाऱ्या भारानुसार घडतं, हे युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्येच मांडलं होतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि पुढची काही वर्षं हाडं झपाट्याने झिजतात. नेमकं तेव्हाच घरातलं प्रत्येक माणूस बाईला बजावतं: वाकू नकोस, जड उचलू नकोस.

माझ्या आईने ते सगळं ऐकलं. शेवटच्या दोन वर्षांत ती खुर्चीच्या हातांवर तळवे रोवायची, "उठते हं" म्हणायची, एकदा पुढे झोका घ्यायची, दुसऱ्यांदा घ्यायची, मग उभी राहायची. मोरीच्या उंबऱ्याला पाय अडकला आणि खुबा मोडला. खुर्चीतून उठणं म्हणजेच स्क्वॉट, हे मला फार उशिरा कळलं. तिला कुणी ते करायलाच लावलं नाही. मीसुद्धा नाही.

ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी झालेल्या १०१ बायका. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने जड वजनं उचलली. डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर बारबेल. तीही आपल्या कमाल ताकदीच्या ८५ टक्क्यांहून जास्त. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. हलकं उचलणाऱ्यांची १.२ टक्के घटली. गुलाबी डंबेलचा निकाल तिथेच लागला. या बायका जाणत्या माणसाच्या नजरेखाली उचलत होत्या, हे मात्र विसरू नका. हाडं आधीच ठिसूळ असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, मग दांड्याला हात लावा.

"पुरुषी दिसशील" ही भीती घालणाऱ्यांना एकच सांगते. पुरुषांच्या तुलनेत बाईच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन अगदी थोडं असतं. दंड टरारून फुगायला वर्षानुवर्षं घाम आणि मापून आहार लागतो, ते चुकून होत नाही. आणि एखादीला तसे दंड हवे असतील तर तिला मिळू देत. वेटलिफ्टर कर्णम मल्लेश्वरीने सिडनीत २००० साली एकूण २४० किलो उचलून कांस्य आणलं. ऑलिम्पिकमध्ये बायकांच्या वेटलिफ्टिंगचं ते पहिलंच वर्ष, पुरुष मात्र १८९६ पासून उचलत होते. कुस्तीचंही तेच. आपल्याकडे महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे. महिला महाराष्ट्र केसरीची पहिली गदा सांगलीच्या प्रतीक्षा बागडीला मिळाली ती २०२३ मध्ये, सांगलीतच. इतकी वर्षं आपण पोरींना आखाड्याच्या दारातूनच परत पाठवत होतो.

माझं म्हणाल तर नुसता दांडाच वीस किलोचा. पहिल्या आठवड्यात तो जमिनीवरून उचलताना हात थरथरले. आता दोन्ही बाजूंना दहा-दहाच्या प्लेट असतात. टाचा रोवायच्या, पाठ सरळ, श्वास भरून घ्यायचा आणि जमीन पायांनी खाली ढकलायची. काल तोच ट्रेनर अडीच-अडीचच्या प्लेट घेऊन आला. "काकू, वाढवू?"

वाढव म्हटलं.