साहेबांच्या केसांवरचा जुना रंग

साहेब पक्ष बदलतात, पण फ्लेक्सवरचा फोटो तोच राहतो. अडचण असते केसांची. फोटो कापून नव्या पार्श्वभूमीवर लावला, तरी जुन्या झेंड्याची छटा बटांच्या कडेला चिकटून बसते.

फोटोशॉपने ही राष्ट्रीय गरज २०१० मध्येच ओळखली. सीएस ५ मध्ये ‘डीकंटॅमिनेट कलर्स’ आले: एक टिचकी, आणि कडेवरचा परका रंग गायब. ‘शिफ्ट एज’ थोडे उणे केले की उरलीसुरली झालरही आत जाते. ‘फेदर’ मात्र जपून. अती झाले तर साहेब कुठल्याही पक्षात विरघळलेले दिसतात.

अपात्रतेच्या सुनावण्या लांबवण्यापेक्षा विधानसभेत एक डीटीपी ऑपरेटर नेमावा.

‘डीकंटॅमिनेट कलर्स’ हा पर्याय पिक्सेलचे रंगच बदलतो, म्हणून फोटोशॉप शुद्ध प्रत नव्या लेयरवर देते. खालचा मूळ लेयर कृपया डिलीट करू नये. निकालानंतर लागतो.